जुना फिल्टर फेकू देऊ नका

पत्र

सा. न. वि. वि.

आमच्याकडे २०१४ची डिझेल गाडी आहे, १.३ लिटर इंजिनाची. आधी सासरे चालवायचे, दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. एरवी वाई गावातल्या गावात फिरते, आठवड्यातून एकदा पुण्याची फेरी असते. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. गेल्या महिन्यात पुण्याहून परतताना भर पावसात खंबाटकीच्या चढावर गाडीने दमच सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी उचलेना, चेक इंजिनचा दिवा लागला आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारायला लागले. कशीबशी कडेला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली, तर काही झालंच नाही अशी घरी आली. त्यानंतर आणखी एकदा, पुन्हा घाटातच, तसंच झालं.

गावातले मिस्त्री म्हणतात, डिझेल फिल्टर बदला, बाकी काही नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली तर इंजेक्टर क्लीनिंग, पंप तपासणी, फिल्टर असं सगळं मिळून ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. वर आमच्या ह्यांच्या २०२१च्या पेट्रोल गाडीचाही (२८ हजार किमी) फ्युएल फिल्टर बदलून घ्या म्हणाले, ९ हजार. कारण काय, तर हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. सासरे म्हणतात, "मी दहा वर्षांत एकदाही फिल्टर बदलला नाही, गाडी चाललीच ना?" कोणाचं ऐकू? आणि मुळात हा फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा असतो?

– एक वाचक, वाई

उत्तर

ताई, आधी तीन उत्तरं देतो, मग कारणं. डिझेल गाडीचा फिल्टर बदला, पुढच्या पुणे फेरीच्या आधी. पेट्रोल गाडीचा बदलू नका. आणि ३८ हजारांच्या कागदावर अजून सही करू नका. त्यातलं काही खरंच लागेल की नाही, हे जुना फिल्टर बाहेर आल्यावर कळेल.

गाडी घाटातच का अडते, यात तुमच्या दुखण्याचं अर्धं निदान आहे. गंगापुरीतून बाजारात जाताना तुमच्या इंजिनाला डिझेल लागतं किती? नुसतं उभ्या जागी चालू असेल तर तासाला साधारण अर्धा लिटर. तेच इंजिन चढावर पूर्ण दाबलं की तासाला दहा-पंधरा लिटरच्या हिशोबाने मागायला लागतं. फिल्टर अर्धा तुंबला असेल तर अर्धा लिटर त्यातून सहज जातं, पंधरा लिटर जात नाही. म्हणून गावात गाडी ठणठणीत आणि खंबाटकीत आजारी. नळाला घागर लावल्यावर कळत नाही, पण बंब भरायला गेलं की लाइन चोंदलेली आहे हे कळतं, तसलाच प्रकार.

मग बंद करून चालू केल्यावर ती बरी कशी झाली? गाडीतला संगणक सतत बघत असतो की इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, जेवढा दाब मागितला तेवढा तयार होतोय का. दाब कमी पडला की तो इंजिन वाचवायला ताकद कापतो आणि दिवा लावतो. गॅरेजमध्ये याला 'गाडी लिम्प मोडला गेली' म्हणतात. चावी बंद-चालू केली की तो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतो, आणि तोवर तुम्ही चढ संपवून सुरूर फाट्याकडे उतरणीला लागलेल्या असता. गाडी बरी झालेली नव्हती, तिच्याकडून काम मागणं थांबलं होतं.

दिवा गेला तरी त्याची नोंद आत राहते. म्हणून गाडीला हात लावण्याआधी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा आणि तो कागदावर लिहून घ्या. 'पी ००८७' असा कोड निघाला तर त्याचा अर्थ रेलचा दाब कमी पडला, म्हणजे संशय डिझेलच्या वाटेवर जातो: टाकीतली जाळी, फिल्टर, पंप. 'पी ०२९९' निघाला तर टर्बोची (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची) हवा कमी पडतेय, आणि तिथे एखादा फाटलेला पाइप किंवा निसटलेली क्लिप सापडायची शक्यता जास्त. फिल्टर बदलून त्याचं काही होणार नाही. दोन्हींत गाडी सारखीच दम सोडते. दाबणाऱ्या पायाला फरक कळत नाही. मोठ्या वर्कशॉपने कोड वाचला असणारच. एस्टिमेटवर तो लिहिलेला नसेल तर फोन करून विचारा. सांगायला खळखळ केली, तर तेही एक उत्तरच समजा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांना उडवून लावू नका, कारण त्यांच्या अनुभवात ते खरं आहे; फक्त ज्या इंजिनांवर तो अनुभव आला ती इंजिनं वेगळी होती. जुन्या जीप, ट्रॅक्टर, मेटॅडोर यांचे इंजेक्टर दीड-दोनशे बार दाबाला उघडायचे. तुमच्या गाडीत हाच दाब १,४०० ते १,६०० बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण जी हवा भरतो, तिच्या सहाशे-सातशे पट. एवढा दाब धरून ठेवायचा तर आतले धातूचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवावे लागतात की मधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. त्या फटीत डोळ्याला न दिसणारा एक कण शिरला तरी तो तिथे पॉलिश पेपरचं काम करतो. नाशिकला बॉशच्या कारखान्यात हे इंजेक्टर आणि नोझल बनतात (जुने नाशिककर त्याला अजून मायकोच म्हणतात, चौकालाही मायको सर्कल). तिथे जे मायक्रॉनमध्ये घासून बसवलं, ते आपण रस्त्याकडेच्या कॅनमधल्या डिझेलने खराब करतो, एवढंच.

आणि एक गंमत सांगू? त्या जुन्या ट्रकांनासुद्धा फिल्टर एक नसायचा, दोन असायचे. शेजारी शेजारी दोन वाट्या, एकीत फेल्टची गुंडाळी, दुसरीत कागदाची. बदलले की हातपंप मारून 'एअर काढायची' हा ड्रायव्हरचा रोजचा धडा होता. म्हणजे जुन्या जमान्यात फिल्टर बदलत नसत, हेही तितकंसं खरं नाही. तुमच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये जुनी सर्व्हिसची बिलं असतील तर चाळून बघा. माझा अंदाज आहे की पहिल्या तीन-चार वर्षांच्या बिलांत कुठेतरी फ्युएल फिल्टरची ओळ सापडेल. सासऱ्यांनी बदलायला सांगितला नसेल, वर्कशॉपने आपणहून बदलला असेल, आणि बिलाचा फक्त शेवटचा आकडा बघून पैसे दिले गेले असतील. आपण सगळेच तसं करतो. शेवटची ओळ ज्या तारखेची असेल, ती मला या सगळ्या प्रकरणात जास्त कामाची वाटते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे मी हे पुस्तकातून बोलत नाही हे कळेल. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्या आमच्या गॅरेजमध्ये यायला लागल्या तेव्हा माझा हात जीपवर बसलेला होता. जीपचा फिल्टर बदलताना नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरायचा, मग बसवायचा. म्हणजे एअर राहत नाही आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. नव्या गाडीलाही मी तेच केलं. तीन आठवड्यांत गाडी परत आली, एक इंजेक्टर अडकलेला. का, ते मला तेव्हा गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याने समजावलं. फिल्टर बाहेरून वरवर भरला की न गाळलेलं डिझेल त्याच्या स्वच्छ बाजूला जातं, म्हणजे गाळणीच्या पलीकडे. तिथून पुढे त्याला अडवायला काहीच नाही. त्या इंजेक्टरचे पैसे मी खिशातून भरले आणि कॅन गॅरेजबाहेर नेऊन ठेवला.

तेव्हा तुमच्या मिस्त्रींना हे आवर्जून सांगा: फिल्टर कोरडाच बसवायचा, आणि भरायचा गाडीच्या स्वतःच्या पंपाने. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत चावी ऑन करून थोडं थांबायचं, ऑफ करायची, पुन्हा ऑन. असं चार-पाच वेळा. हातपंप दिलेला असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबायचा. नुसता सेल्फ मारत बसायचं नाही. कोरडा हाय-प्रेशर पंप फिरवणं म्हणजे तेलाशिवाय इंजिन फिरवणंच, कारण त्या पंपाचं वंगण डिझेलच आहे. जुन्या फिल्टरच्या बुडाशी पाण्याचा सेन्सर असेल तर तो जपून काढून नव्याला लावावा लागतो, त्याची रबरी रिंग नवी घालायची. कनेक्टरची क्लिप तुटली तर तसं सांगायला लावा. टाय मारून झाकलेल्या क्लिपा मी पुष्कळ बघितल्यात. फिल्टर ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन आणा. नकली फिल्टर बाहेरून हुबेहूब दिसतो. फरक आतल्या कागदात असतो, आणि तो तुम्हाला दुकानात दिसणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. फिल्टर बदलायला तुम्ही स्वतः समोर उभ्या राहा, आणि सोबत एक काचेची स्वच्छ, कोरडी बरणी न्या. लोणच्याची चालेल, फक्त तेलाचा अंश नको. जुना फिल्टर निघाला की मिस्त्री सवयीने त्यातलं डिझेल ट्रेमध्ये ओतून मोकळे होतात. ते ओतू देऊ नका. ते बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका.

पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. तळाशी वेगळा थर दिसला, वर पिवळसर आणि खाली पांढरट किंवा पारदर्शक अशी रेघ, तर टाकीत पाणी आलंय. मग फिल्टर बदलून भागणार नाही. टाकीच्या तळाचं डिझेलही काढून बघावं लागेल, नाहीतर नवा फिल्टर महिन्याभरात त्याच अवस्थेला येतो. काळा, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ आला तर तेही पाण्याचंच पोर: पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या रेघेवर जिवाणू वाढतात आणि त्यांचा हा चिखल फिल्टरच्या कागदावर बसतो. कमी चालणाऱ्या, बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. नुसती तांबूस-करडी धूळ आली तर सुटलात. दहा वर्षांची धूळ आहे, फिल्टरने आपलं काम केलं, त्याला सुट्टी द्या.

चौथी शक्यता मला नको आहे, पण सांगायला हवी. बरणी उन्हात धरल्यावर आत चांदीसारखी चमक फिरताना दिसली, गणपतीच्या चमकीसारखी, तर ते धातूचे कण आहेत. ते बाहेरून येत नाहीत. पंप आतून झिजतोय आणि त्याचा चुरा परतीच्या डिझेलबरोबर टाकीत जाऊन पुन्हा फिल्टरमध्ये आलाय. तसं असेल तर मोठ्या वर्कशॉपचा ३८ हजारांचा कागद एकदम वेडगळ ठरत नाही, उलट तो कदाचित कमीच पडेल. मग पंप, इंजेक्टर, टाकी सगळं बघावं लागतं, आणि गाडीची आजची किंमत समोर ठेवून विचार करावा लागतो.

म्हणून म्हणतो, आधी बरणी, मग कागद.

बरणीत धूळ किंवा थोडं पाणी एवढंच निघालं, तर नवा फिल्टर लावून गाडी घाटात न्या. पण चाचणीला खंबाटकी नको. तिथला वाहता ट्रकांचा ओघ आणि अरुंद जागा, पुन्हा अडकलात तर जिवाशी खेळ. तुमच्या दाराशी पसरणीचा घाट आहे, वाईपासून पाचगणीपर्यंत सलग चढ. शनिवार-रविवार सोडून एखाद्या सकाळी, मिस्त्रींना शेजारी बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये लोड देत वर जा. जमलं तर स्कॅनर लावूनच: त्यावर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. चढावर पाय दाबल्यावर दोन्ही बरोबर वर गेले तर दुखणं गेलं. मागणी वर गेली आणि मिळालेला आकडा मागे रेंगाळला, तर पुढचा शोध घ्यायचा.

पुढचा शोधही पायरीपायरीने. टाकीतली जाळी आणि आतला पंप आधी, कारण ते तपासायला स्वस्त. मग इंजेक्टर, पण तेही न उतरवता. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परत टाकीकडे जातं, त्याला 'रिटर्न' म्हणतात. चारही रिटर्नच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या तर इंजेक्टरला नावं ठेवू नका. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय, तेवढा उतरवून डिझेल लॅबमध्ये टेबलावर तपासायला पाठवायचा. सातारा-पुण्यात अशा लॅब आहेत. ही परीक्षा न करता चारही इंजेक्टर 'क्लीनिंग'ला काढणं मला पटत नाही. आणि क्लीनिंग म्हणजे नक्की काय करणार, हेही विचारा. टाकीत एक बाटली औषध ओतणं आणि इंजेक्टर उतरवून टेबलावर फवारा तपासणं, या दोन्हीला एस्टिमेटवर एकच शब्द असतो.

किती किलोमीटरला बदलायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. डिझेल गाड्यांच्या पुस्तकांत बहुतेक करून २० ते ४० हजारांच्या मधला कुठला तरी आकडा असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो असेल तो धरा, माझा किंवा मिस्त्रींचा नको. पण पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात आणि 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं, ते आपण सोयीने विसरतो. तुमची गाडी वर्षाला फार चालत नाही, तेव्हा तुमच्यासाठी महिनेच लागू. माझा स्वतःचा नियम सांगायचा तर, कमी चालणाऱ्या डिझेल गाडीचा फिल्टर दोन वर्षांनी बदलायचा, लक्षणं दिसायची वाट न बघता. डिझेलच्या बाबतीत लक्षण दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्हाला ते खंबाटकीत दिसलं, तेही पावसात.

पाण्याचं काम याहून सोपं आहे. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करून खालून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं आणि बंद करायचा. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुऊन हार घालताना एकदा, एवढं पुरे. जमिनीवर सांडू देऊ नका, डब्यात घ्या. डॅशबोर्डवर कधी फिल्टरचं आणि थेंबाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला तर मात्र दसऱ्याची वाट बघायची नाही. तो दिवा सांगतो की फिल्टरमधली पाणी साठायची जागा भरली. पुढचं पाणी पंपात जाणार.

हे पाणी येतं कुठून? टाकी अर्धी रिकामी असली की हवेतला ओलावा आत थंड होऊन थेंब होतो, हे खरं. पण त्याचा आपण जरा जास्तच बाऊ करतो. मला जास्त वेळा सापडलंय ते पंपावरच्या जमिनीतल्या टाकीतून आलेलं पाणी, विशेषतः पावसाळ्यात. दोन-तीन महिने एकाच, जास्त खपाच्या पंपावर डिझेल भरा आणि पावत्या ठेवा. बरणीत पाणी निघालं तर तक्रार करायला पावती लागते. टँकर खाली होत असताना भरू नका, तळाचा गाळ ढवळला गेलेला असतो. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा हक्क आपल्याला आहे, पण ती पेट्रोलमधली भेसळ बघायला. डिझेलमधलं पाणी त्यात दिसत नाही. पाण्यासाठी पंपवाले स्वतःच्या टाकीत पट्टीला एक पेस्ट लावून बघतात, ती कधी बघितली एवढं विचारायला हरकत नाही. विचारणारी गिऱ्हाइकं त्यांच्या लक्षात राहतात.

आता ह्यांची पेट्रोल गाडी. तिच्यात हा फिल्टर बोनेटखाली नाहीच. मागच्या सीटखाली टाकीच्या तोंडाशी जो पंप असतो, त्याच्याच सांगाड्यात तो बसवलेला असतो. म्हणूनच ९ हजार. बहुतेक तो अख्खा सांगाडा बदलायचा भाव आहे. अशा गाडीच्या देखभालीच्या तक्त्यात फ्युएल फिल्टरची ओळ आहे का ते बघा. बहुतेक नसेल. कंपनीने जे काम तक्त्यात लिहिलं नाही, ते २८ हजार किलोमीटरला, कसलीही तक्रार नसताना करण्याचं कारण काय? पेट्रोलच्या साध्या इंजिनात दाबही तीन-चार बारच असतो, डिझेलसारखी ती मायक्रॉनची नाजूक कारागिरी इथे पणाला लागलेली नाही.

इथेनॉलचं म्हणाल तर त्यात सत्याचा कण आहे, म्हणून तो युक्तिवाद चालतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीपासून पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. निम्मा पश्चिम महाराष्ट्र ऊस लावतो, तेव्हा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथेनॉल जुना साठलेला चिकटा सोडवतं आणि पाणीही ओढून घेतं. वीस वर्षांच्या, आतून गंज धरलेल्या टाकीच्या गाडीत हा सुटलेला चिकटा फिल्टरवर येऊन बसतो, हे मी पाहिलंय. तुमच्या २०२१च्या गाडीत एवढा चिकटा साठायला वेळच मिळालेला नाही. इथेनॉलची काळजी करायचीच असेल तर गाडी महिनेन् महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवून उभी करू नका, आणि सर्व्हिसिंगला रबरी नळ्या-जोड बघायला सांगा. पंपाचा सांगाडा उद्या खरंच बदलावा लागला, तर त्याआधी पेट्रोलचा दाब गेज लावून मोजा म्हणावं. दाब पुस्तकातल्या आकड्याइतका येत असेल तर बदलायचं काहीच नाही.

पेट्रोल गाडी वेळेवर फिल्टर मागते ती दोन-तीन प्रसंगीच. जुन्या गाड्यांत टाकीजवळ, खालच्या बाजूला नळीत धातूचा डबीसारखा फिल्टर असायचा. तो असेल तर पुस्तकाप्रमाणे बदलावा. गाडी पुरात उभी राहिली असेल, किंवा चुकून पेट्रोलमध्ये भलतंच काही भरलं गेलं असेल, तर विचारायचंच नाही, टाकी उतरवून सगळं साफ. आणि सीएनजीवाल्यांचं वेगळं: त्यांच्या गॅसच्या लाइनला स्वतःचा फिल्टर असतो, त्यात कॉम्प्रेसरचं तेल येऊन बसतं, तो वेळापत्रकाप्रमाणे बदलावाच लागतो. शेजारीपाजारी कोणाकडे असेल तर सांगा.

एक मात्र ऐका: पेट्रोल गाडीचं काही उघडायचं ठरलंच तर घरी, अंगणात, ओळखीच्या पोराकडून नको. नळीत इंजिन बंद झाल्यावरही दाब राहतो. पेट्रोल डोळ्यांत उडतं, आणि एका ठिणगीचं काम असतं.

या आठवड्यात तुमचं काम एवढंच: बिलं शोधा, कोड लिहून घ्या, बरणी धुऊन वाळवा. बरणीत काय निघालं ते मला कळवा, चमक दिसली तर त्याच दिवशी. आणि बरणी उन्हात धराल तेव्हा सासऱ्यांना शेजारी बोलवा. त्यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा जुनी आहे, आणि गाडीही आधी त्यांचीच होती.